मुक्या जिवांचा जमाखर्च



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. प्राथमिक शाळेचे एक गुरुजी कसल्याशा सर्वेक्षणाचे कागद घेऊन आमच्या दारात आले. मी घरी नव्हतो. आमची मुलगी पायरीवर बसली होती. गुरुजींनी तिला विचारले, "बाळ, घरात किती जण?" तिने बोटे मोजली आणि सांगितले, "पंधरा." गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे हातभर परडे. एवढ्याशा घरात पंधरा माणसे! मग आतून तिची आई बाहेर आली आणि खुलासा झाला. माणसे चार : माझी आई, आम्ही दोघे आणि मुलगी. उरलेली अकरा म्हणजे तीन कुत्री आणि आठ मांजरे. गुरुजी हसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "वहिनी, चार जण लिहून घेतले. बाकीच्या अकरांना आमच्या कागदात रकाना नाही."

संध्याकाळी हे मला कळले तेव्हा मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. गुरुजींच्या कागदात रकाना नव्हता, हे ठीकच. पण माझ्या स्वतःच्या हिशेबात तरी तो कुठे होता? मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. वर्गात फळ्यावर खर्चाच्या आकृत्या काढतो आणि घरात अकरा तोंडे काय खातात, हे मला सांगता आले नसते.

यांतले एकही जनावर मी विकत आणलेले नव्हते. वाघ्या पावसात एस.टी. स्टँडपासून माझ्या सायकलीमागे आला आणि राहिला. मोतीचे मूळ मालक पुण्याला बदलून गेले. जाताना "आठ दिवस सांभाळा" म्हणाले, त्याला आता पाच वर्षे होतील. तिसरे पिल्लू मुलीने शाळेतून येताना दप्तरात घालून आणले. मनी नावाची मांजर मात्र आईने मुद्दाम आणवली, कारण धान्याच्या डब्यांभोवती उंदरांनी उच्छाद मांडला होता. मनीने उंदीर संपवले, आणि उंदरांची जागा तिच्या पिल्लांनी घेतली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं" अशी म्हण आपल्याकडे आहे. आमच्याकडे व्याही नव्हता. घोडी आपली आपणच येत गेली.

प्रत्येक वेळी मी एकच वाक्य बोलत असे, "एवढ्यात काय होतंय? जिथे आठ खातात, तिथे नववं खाईल." हे वाक्य दयेचे आहे, असे मला वाटे. आज त्या वाक्याचाच हिशेब आपल्यापुढे मांडायचा आहे.

शेतकरी माणसाला जनावराचा हिशेब कोणी शिकवायला नको. बैलाला पेंड किती, वैरण किती, म्हशीने दूध किती दिले, शेळीची करडे बाजारात कितीला गेली, हे त्याला तोंडपाठ असते. कारण ती जनावरे कमावती असतात. गोठ्याच्या दाराशी बसलेले कुत्रे आणि चुलीजवळचे मांजर मात्र या हिशेबात कधी धरलेच नाही. धरायची गरजही नव्हती. जुन्या गावाची रीत आठवून पाहा. कुत्रे एका घराचे नसे, आळीचे असे. दहा-बारा घरे, आणि प्रत्येक घरातून कधी चतकोर, कधी नितकोर भाकरी. राखण सगळ्या आळीची आणि खर्चही सगळ्या आळीचा. जेवणाआधी गाईचा घास काढायचा, कावळ्याचा घास ठेवायचा, ही शिकवणही त्याच व्यवस्थेतली. प्रत्येक घराने थोडे द्यायचे म्हणजे कोणा एकाला ते जड जात नसे.

ही रीत आता मोडत चालली आहे. घराला कुंपण आले, फाटक आले. शिळे अन्न फ्रिजमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी घरातलेच खातात. रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरी टाकली, तर शेजारी म्हणतो, "याला सवय लावू नका." मग ज्याचे मन मऊ, त्याच्या दारात सगळी गोळा होतात. बारा घरांचा भार एका घरावर येतो. त्या घराला वाटते, आपण पूर्वजांचाच धर्म पाळतो आहोत. पण पूर्वजांनी एकट्याने अकरा पोसली नव्हती.

तर गुरुजी येऊन गेले त्या रात्री घरात थोडे बोलणे झाले. मी म्हणालो, "खर्च तो काय होत असेल? शिळंपाकं तर खातात." आमच्या सौभाग्यवतींनी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीची अर्धी उरलेली वही घेतली, रेघ मारली आणि महिनाभर रोज लिहून ठेवले. महिनाअखेर ती वही माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही अर्थशास्त्राचे. जरा बेरीज तपासा."

ती बेरीज मी आपल्याला वाचून दाखवतो. दूध, रोज एक लिटर, महिन्याचे १,८०० रुपये. तांदूळ आणि ज्वारी, ९५० रुपये. कोंबडीच्या दुकानातून आणलेले गळे आणि पाय, ९०० रुपये. मांजरांसाठी सुकट, ५०० रुपये. अंडी, ४२० रुपये. हे सारे शिजवायला लागलेला गॅस, अंदाजे ४५० रुपये. जंतांची गोळी, गोचिडीची पावडर, मलम वगैरे, ४८० रुपये. एकूण ५,५०० रुपये. वर्षाचे झाले ६६ हजार.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास घेतले, तितके पैसे. सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. आणि झालेल्या तासांचे पैसेही पुष्कळदा मागाहून येतात. ६६ हजार ही रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाहून अधिक होती. कॉलेजला उन्हाळ्याची सुटी असते. कुत्र्या-मांजरांच्या पोटाला सुटी नसते, ही साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर वहीने शिकवली.

पण त्या वहीचे शेवटचे पान अजून राहिले होते. तिथे पैसे नव्हते, तास होते. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात भात शिजवणे. तो निववून, कालवून अकरा ठिकाणी वाढणे. भांडी घासणे. पडवी झाडून फिनेल टाकणे. कोणी ओकले असेल ते पुसणे. पुन्हा संध्याकाळी तेच. रोजचे अडीच तास. महिन्याचे पंचाहत्तर. आम्ही वर्गात शिकवतो की गृहिणीच्या घरकामाला मजुरी नसते, म्हणून ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत येत नाही. हा मुद्दा मी कितीदा तरी शिकवला असेल. आणि माझ्याच घरात पंचाहत्तर तास असे पडून होते. मला तासाचे पैसे मिळतात. तिच्या तासांची कोणी हजेरीसुद्धा मांडली नव्हती.

एकनाथमहाराजांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. माझी आई ही कथा नेहमी सांगते आणि मीही मनातल्या मनात त्या कथेचा आधार घेत असे. पण त्या वहीने मला एक गोष्ट दाखवली. नाथांच्या खांद्यावर कावड होती ती त्यांची स्वतःची. माझ्या दयेची कावड दुसऱ्याच्याच खांद्यावर होती. घरात जनावर आणण्याचा उत्साह एकाचा आणि पातेले घासणे दुसऱ्याचे, असे जिथे असेल, तिथे त्या दयेचे पुण्य नेमके कोणाच्या नावावर जमा होते, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.

आपण म्हणाल, एवढी वही पाहिल्यावर तरी तुम्ही शहाणे झाला असाल. नाही. माणूस आकड्यांनी शहाणा होत नाही. त्याला पुढची ठेच लागावी लागते.

मुलीने दप्तरातून आणलेल्या त्या पिल्लाचे नाव तिने सोन्या ठेवले होते. दोन महिन्यांचे असेल. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे. ते म्हणाले, "सर, याला लस टोचून घ्या. आठवड्याच्या आत या." लस बाहेरून आणायची होती, सातशे रुपयांची. महिना मे होता. एप्रिलच्या तासांचे पैसे यायचे होते. मी म्हटले, पुढच्या महिन्यात बघू. दूधवाल्याचे बिल मात्र त्याच आठवड्यात दिले, कारण तो दारात उभा होता. लस दारात उभी राहत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोन्या ओकू लागला. मग रक्ताची हगवण. डॉक्टरांनी पाहताच सांगितले, पार्व्हो. हा कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. उपचार न मिळालेली फार थोडी पिल्ले त्यातून उठतात. तीन दिवस सलाइन लावले. पडवीच्या खांबाला बाटली बांधून मुलगी शेजारी बसून राही. ४,१०० रुपये खर्च झाले. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. परड्यातल्या शेवग्याखाली त्याला पुरला.

मुलगी रडली नाही. संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा तिने विचारले, "बाबा, इंजेक्शनला पैसे नव्हते का आपल्याकडे?"

श्रोतेहो, या प्रश्नाला "नव्हते" असे उत्तर दिले असते तर ते सोपे झाले असते. पण ते खरे नव्हते. पैसे होते. ते आठ मांजरांच्या दुधात होते. आणि नंतर डॉक्टरांनीच सांगितले की मोठ्या मांजराला दूध लागतच नाही. पुष्कळांना ते पचत नाही, उलट त्याने हगवण लागते. म्हणजे ज्या दुधाचा मांजरांना उपयोग नव्हता, त्या दुधापायी पिल्लाची लस राहिली.

आजच्या बोलण्याचा सारा अर्थ या एका प्रसंगात आहे. जनावरे वाढली की त्यांचा खर्च आपण पोसतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपली मिळकत तेवढीच राहते. मग अकराव्याचा घास पहिल्याच्या औषधातून निघतो. "जिथे आठ खातात, तिथे नववं खाईल" हे खरे आहे, ते खाईल. पण आठांपैकी एखादे आजारी पडले, तर त्याच्यासाठी काही उरणार नाही. शेवटी किंमत मालक मोजत नाही, तीच मुकी जनावरे मोजतात.

संख्या वाढते तसा खर्च नुसत्या बेरजेने वाढत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एका मांजराला खरूज झाली, तर ती एकाची राहत नाही. पंधरा दिवसांत आठही ओरबाडू लागतात. गजकर्ण तर मांजरावरून मुलांच्या अंगावर येते. एकाच्या पोटात जंत, तर सगळ्यांनाच औषध. शेजाऱ्याची कोंबडी कोणी धरली, तर दंड भरायचा आपण, आणि कोणत्या बोक्याने धरली याची चौकशी कोणी करत नाही. लग्नकार्याला घर बंद करून जाणे बंद झाले. एक कुत्रे शेजारी सांभाळतो. अकरा जनावरे कोण सांभाळणार? तीन वर्षे आम्ही चौघे मिळून गावच्या जत्रेला गेलो नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गणित सांगतो. वर्गात जरूर घाला. समजा, एका मांजरीला वर्षातून दोनदा पिल्ले होतात, दर वेळी चार. त्यांत दोन माद्या. प्रत्येक मादी एक वर्षाची झाली की तिलाही याच रीतीने पिल्ले होऊ लागतात. वास्तविक मांजराची मादी सहा महिन्यांच्या आसपासच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. आपण सवलतीने धरू. पहिल्या वेताला आई धरून झाली पाच. सहा महिन्यांनी नऊ. वर्षाने तीन माद्या वितील, म्हणजे बारा पिल्लांची भर, एकवीस. दीड वर्षाने पाच माद्यांची वीस पिल्ले, एक्केचाळीस. दोन वर्षांनी अकरा माद्यांची चव्वेचाळीस पिल्ले, एकूण पंच्याऐंशी. एका मनीपासून दोन वर्षांत पंच्याऐंशी.

मुले लगेच म्हणतील, "गुरुजी, पण आमच्या गल्लीत इतकी मांजरं दिसत नाहीत." हा प्रश्न आला की गणित संपले आणि खरा धडा सुरू झाला, असे समजा. दिसत नाहीत, कारण ती मरतात. वाहनाखाली, कुत्र्याच्या तोंडी, उपासाने, रोगाने. फळ्यावरचा आकडा आणि गल्लीतला आकडा यांतली जी वजाबाकी, ती सगळी मेलेल्या पिल्लांची असते.

आणि काही पिल्ले पोत्यात जातात. मी लहान असताना आमच्या गावी पिल्ले झाली की पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येत. एकदा ते पोते माझ्या हातात दिले होते. चालताना ते हलत होते, हे मला अजून आठवते. "मासळीबाजाराजवळ सोडलं की पोट भरतं त्यांचं," असे मोठी माणसे म्हणत. भरत नाही. डोळे नुकतेच उघडलेले पिल्लू बाजारात चार दिवस जगत नाही. कायद्यानेही, पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे; प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे. पण कायद्याच्या आधी आपली आई होती. आमची मांजर पिल्लांसाठी तीन रात्री घरभर ओरडत फिरली, तेव्हा आजीने तिच्यापुढे दूध ठेवले आणि पाठ फिरवून डोळे पुसले. तिला दुसरा उपाय ठाऊक नव्हता. आपल्याला आहे.

तो उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. मादीची आणि नराचीही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. तिथे सोय नसेल तर कुठे आहे, ते तरी कळेल. पुष्कळांना वाटते, हे पाप आहे. माझ्या आईलाही वाटत होते. मी तिला वरचे पंच्याऐंशीचे गणित सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग ते पोत्याचं पाप बरं होतं का रे?" त्यानंतर तिनेच मनीला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेले. पैसे आमच्या सौभाग्यवतींच्या भिशीचे. तीन मांजरींच्या शस्त्रक्रिया व्हायला आठ महिने लागले. एकेक भिशी, एकेक मांजर.

दुसरी गोष्ट रेबीजची. इथे मी हात जोडून सांगतो. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून होणाऱ्या या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसांपर्यंत तो बहुतेक कुत्र्यांकडूनच येतो, आणि कुत्रे चावलेल्यांत मुले फार असतात. लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली, तर तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचवली आणि तो मुलगा वाचला. त्याला आता १४० वर्षे होऊन गेली, आणि तरी आपल्याकडे अजून कुत्रे चावले की जखमेत तिखट भरतात, चुना लावतात, मंत्र घालणाऱ्याकडे नेतात. असे करू नका. चावा घेतला, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि तडक सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती जुनी झाली. ती लस २००५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने असतात. मात्र डॉक्टर सांगतील त्या त्या दिवशी ती सगळी घ्यायची. एक घेऊन बरे वाटले म्हणून थांबायचे नाही.

आणि ज्याने जनावर पाळले, त्याने ते तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. अकरा पाळली, तर अकरांना. हे परवडत नसेल तर अकरा परवडत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आणखी चार बारीकसारीक गोष्टी, कारण अज्ञानाचाही खर्च असतो. मांजराला ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. ती त्याला विषासारखी आहे. कुत्र्याच्या गोचिडीवरचे औषध मांजराला चोळू नये. कुत्र्याला कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट घालू नये. मांजर हे मूळचे मांसाहारी. घरात माळकरी वळण असेल, तर मांजर पाळण्याआधी विचार करावा. नुसत्या दूधभातावर त्याचे शरीर चालत नाही, डोळे आणि हृदय बिघडते. पोपटाविषयी म्हणाल तर आपल्याकडचा राघू पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो हौसेचा विषयच नाही.

हौसेवरून आठवले. अलीकडे खेड्यातसुद्धा हजारो रुपये मोजून थंड मुलखातली दाट केसांची कुत्री आणतात. उन्हाळ्यात ती जीभ बाहेर काढून धापा टाकत पडतात. त्यांना पंखा हवा, त्यांचे खाणे वेगळे, औषध वेगळे. कुत्रा म्हणजे दहा-बारा वर्षांचा करार. आज पहिलीतल्या मुलासाठी आणलेले पिल्लू तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार आहे. आपले गावठी कुत्रे या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले. त्याला एवढे लाड लागत नाहीत. आमच्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. एका जनावराची आठवण माणसांनी अडीचशेहून अधिक वर्षे जपली. जीव लावायचा तो असा लावावा. मोजक्यांना, पण पुरता.

मग पाळावेच नाही का? असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरात एखादे कुत्रे, एखादे मांजर असते, त्या घरातली मुले दुसऱ्याचे दुखणे न सांगता ओळखायला शिकतात. माझी आई रात्री खोकली तर आमचा वाघ्या उठून उंबऱ्याशी येऊन बसतो. याची किंमत कोणत्या रकान्यात लिहिणार? म्हणूनच म्हणतो, पाळायचे तर तीन प्रश्न आधी विचारा. एक : याचे खाणे धरून वर्षाची लस आणि एखादे मोठे दुखणे, एवढे पैसे आपण बाजूला काढू शकतो का? दोन : याचे रोज कोण करणार, आणि त्या माणसाला आपण विचारले आहे का? तीन : आपण आठ दिवस आजारी पडलो, तर याच्याकडे कोण पाहील? तिन्हींना उत्तर असेल तर खुशाल आणा. एकालाही नसेल, तर दारातल्या पिल्लाला पाणी द्या, भाकरी द्या, त्याच्या लसीची सोय करा, त्याला घर शोधून द्या. घरात घेणे हा दयेचा एकच मार्ग नाही.

आमच्या घरी आता दोन कुत्री आणि चार मांजरे आहेत. बाकीची चार सोडून दिली नाहीत. शस्त्रक्रिया आणि लस करून ज्यांना कणगीजवळ मांजर हवे होते अशा शेतकऱ्यांकडे दिली. दूध बंद झाले. पातेले आठवड्यातून तीन दिवस मी घासतो. चांगले घासत नाही, असे ऐकून घेतो. वही अजून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर मुलीने आमच्या सर्व जनावरांची नावे ओळीने लिहिली आहेत आणि पुढे लसीची तारीख. सोन्याचे नाव तिने खोडलेले नाही. त्याच्यापुढची जागा कोरी आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा एक पिल्लू दारात आले. मुलीने त्याला पाणी ठेवले, आत जाऊन वही आणली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, आधी बेरीज करू या." बेरीज केली. जागा नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून त्याला लस टोचून आणली, आणि चार दिवसांनी ते मळ्यातल्या एका घरी गेले. तिथे ते बरे आहे. आम्ही अधूनमधून पाहून येतो.

आपल्याही घरात अशी एक वही असावी, एवढे सुचवून आपली रजा घेतो.